स्वच्छ हातांची सहल

१ ऑक्टोबर, रविवार

डेअरीच्या मॅनेजरांनी बिनपगारी रजा मंजूर केली. ३१ तारखेपर्यंत. "तोवर खुर्ची तुमची. त्यानंतर मात्र मला कुणाला तरी बसवावं लागेल," म्हणाले. बावीस वर्षं मी त्यांच्या प्रयोगशाळेत दुधातले जंतू मोजते आहे. त्या खुर्चीला माझ्या पाठीचा आकार आला आहे.

सोडायची की नाही, हे अजून ठरत नाही. छोटी, म्हणजे माझी नणंद (चाळिशी उलटली तरी घरात छोटीच), लोकांना आठवडाभर जंगलात पायी नेण्याचा व्यवसाय सुरू करते आहे. ती आधी ज्या कंपनीत वाटाड्या होती, तिच्या एका सहलीत सगळ्यांची पोटं बिघडली, बोभाटा झाला आणि कंपनीच बंद पडली. म्हणून तिला भागीदार मी हवी. "वहिनी, वाघाचं मी बघते. जंतूंचं तू बघ."

मी एक अट घातली. माझ्या निष्काळजीपणामुळे एक जरी माणूस आजारी पडलं, तर मी निमूटपणे डेअरीत परत जाईन. छोटी म्हणाली, "तुला अटी घातल्याशिवाय चहा तरी पिता येतो का गं?"

रात्री सामान भरताना यांनी कपाटातून सहा छोटे नॅपकिन काढून दिले. लग्नात आलेले, अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. मी परत ठेवले. सामान पाठीवर न्यायचं आहे, एक मोठा निळा टॉवेल पुरे. हे म्हणाले, "एकच?" मी म्हटलं, मोठा आहे. यांनी टॉवेलची घडी घालून दिली. हे बोलत नाहीतच फारसं.

७ ऑक्टोबर, शनिवार

छोटीच्या खोलीवर बैठक झाली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे माझं निम्मं भाषण हातोडीच्या तालावर. येणारे चौघे. मोठ्या बाई: निवृत्त मुख्याध्यापिका, वय अडुसष्ट, चाल माझ्यापेक्षा ताठ. विमावाला आणि त्याची बायको: दोघं विम्याच्या एकाच कचेरीत, त्यामुळे घरी भांडायला नवीन काही उरत नाही, असं तीच सांगते. आणि बेकरीवाले: पंचावन्नचे, गोल, हसरे. भट्टी मुलाच्या हवाली करून बाहेर पडण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. दोन वर्षं थांबलेत म्हणे या सहलीसाठी.

मी उभी राहून स्वच्छ सांगितलं. "खोकला, ताप, उलटी, जुलाब, यातलं काहीही असेल त्याने घरी थांबायचं. वाटेत कळलं तर वाटेतून परत पाठवीन. तिथे दवाखाना नाही, त्यामुळे दयामायाही नाही."

"आणि शिंक आली तर?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"कशी शिंक, त्यावर."

सगळे हसले. मग मी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे? एकदम शांतता. खालची हातोडीही थांबली. मला बरं वाटलं. म्हणजे माझं म्हणणं नीट पोचलं.

नंतर छोटी म्हणाली, "घाबरवलंस गं त्यांना." घाबरलेला माणूस हात नीट धुतो, असं मी म्हटलं. थोडं जास्त झालं का? पण नियम म्हटला की तो मऊ कसा करायचा, हे मला कधीच जमलं नाही. घरातही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पहिला मुक्काम. तंबूत बसून लिहिते आहे, अजून पुरेसा उजेड आहे. खांदे बोंबलताहेत पण मन इतकं हलकं कधी नव्हतं.

आल्या आल्या हात धुण्याची जागा केली. झाकणाला भोक पाडलेली बाटली फांदीला उलटी टांगली, साबण जुन्या मोज्यात घालून शेजारी, आणि वरच्या फांदीवर निळा टॉवेल. शौचाचा खड्डा ओढ्यापासून लांब, उताराच्या बाजूला. पाणी फडक्यातून गाळायचं, खळखळून उकळी आली की आणखी मिनिटभर उकळू द्यायचं, मग झाकायचं. साबणच का, हातावर चोळायचं जेल का नाही, हेही समजावलं: पोट बिघडवणारे काही विषाणू जेलला दाद देत नाहीत, साबणाने मात्र धुऊन जातात. मोठ्या बाई म्हणाल्या, "छान शिकवतेस. पण मुलांकडे बघून हसायचंही असतं अधूनमधून."

मी स्वतः हात धुतले की डेअरीतल्या सवयीने दोन्ही हात वर धरून वाळवते. तिथे गरम हवेचं यंत्र होतं. छोटी म्हणते, "वहिनी, कुणाला शरण आलीस?" आता मी हात धुवायला गेले की सगळेच दोन्ही हात वर करून उभे राहतात. चालू दे. हसता हसता तरी धुताहेत.

बेकरीवाल्यांनी स्वतः भाजलेले दोन मोठे पाव आणले होते. आम्ही सूपात बुडवून फडशा पाडला. त्यांनी मात्र तुकडाही खाल्ला नाही. "आयुष्यभर पावच बघतोय ताई, आज झाडं बघू द्या." झाडं बघायला ते बरेचदा झुडपांमागे जातात. पक्ष्यांचा नाद असावा. अशी आवड असलेली माणसं मला फार आवडतात.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काल फार चाललो, लिहिलं नाही.

गोचिडांची तपासणी रोज संध्याकाळी होते. बायका एका तंबूत, पुरुष दुसऱ्यात. विमावाल्याच्या बायकोच्या गुडघ्यामागे एक निघाला. मी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढला, जागा साबणाने धुतली, आणि आठवडाभर ताप किंवा चट्टा येतो का पाहा, म्हणून सांगितलं. तिने बाहेर ओरडून नवऱ्याला विचारलं, "अहो, गोचिडाचा क्लेम बसतो का?" पलीकडून उत्तर आलं, "आधीपासून अंगाला चिकटलेल्या गोष्टींचा बसत नाही. नाहीतर मी लग्नानंतर केला असता." तंबू हलेपर्यंत हसलो.

एक गोष्ट मनाला लागली आहे. जलसंजीवनीची बारा पाकिटं भरली होती. आज आठच निघाली. मी मोजायला चुकते? बावीस वर्षं मोजण्यातच गेली आणि जंगलात पाऊल टाकताच ही गत! छोटीला सांगायचं धाडस झालं नाही. उद्या सांगेन.

हात धुण्यात पहिला नंबर बेकरीवाल्यांचा. दिवसातून कितीदा तरी धुतात, आणि टॉवेलला नीट पुसतात, अगदी बोटांच्या बेचक्यांतून. मी त्यांचं उदाहरण सगळ्यांना दिलं. बिचारे लाजून लाल झाले.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. ज्याची भीती तेच झालं.

पहाटे विमावाला पळाला. मग त्याची बायको. न्याहारीच्या वेळी छोटी चूल सोडून उठली ती झुडपामागेच गेली, आणि तिथून तिचा आवाज आला, "वहिनी, वाघाचं पण आता तूच बघ!"

आज पुढे जायचं नाही असं ठरवलं. मी सगळं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा उकळलं, दुप्पट वेळ. भांडी उकळली. चमचेही उकळले. आजाऱ्यांनी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी वेगळा खड्डा. कुणाला ताप नाही, रक्त नाही. उलट्या आणि पातळ जुलाब. छोटी म्हणाली, "अगं, त्या तुझ्या लाल डब्यातल्या गोळ्या सगळ्यांना एकेक वाटून टाक ना, प्रसाद म्हणून." मी नाही म्हटलं. निघण्याआधी आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: ताप चढला, रक्त पडलं, तरच ते प्रतिजैविक. विषाणूला त्याचं काही वाटत नाही. जे जातंय ते पाणी आणि मीठ परत भरणं, हेच औषध. म्हणून घोट घोट जलसंजीवनी, मग साधा भात. छोटी पुटपुटली, "जिवावर आलं तरी नियम सोडणार नाही." मला वाईट वाटलं, पण गोळी दिली नाही.

हात धुण्याचे नियम आणखी कडक केले. बाटलीपाशी स्वतः उभी राहते. पाण्यातच काहीतरी चुकतंय. दुसरं काय असणार? हात तर सगळ्यांचे आरशासारखे स्वच्छ आहेत.

फक्त मी आणि बेकरीवाले धडधाकट. मोठ्या बाई म्हणतात, मीही ठीक आहे. पण दुपारचा भात त्यांनी तसाच ठेवला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

मोठ्या बाईंना सकाळपासून सुरू झालं. बाकीचे तिघे सावरत होते, पण अडुसष्ट वर्षांचं शरीर वेगळं. उठून बसल्या की डोळ्यांपुढे अंधारी. जीभ कोरडी. सकाळपासून लघवी नाही. मी जाहीर केलं: ओढ्यापलीकडच्या सुळक्यामागे सूर्य जाईपर्यंत लघवी झाली नाही किंवा त्या बोलता बोलता गोंधळल्या, तर वनखात्याच्या चौकीवर माणूस पाठवायचा आणि बिनतारी यंत्रावरून मदत मागवायची. चौकी चार तासांवर. बेकरीवाले लगेच बूट घालून तयार. "मी जातो ताई. मला काही होत नाही आता." त्यांची प्रकृती खरोखर लोखंडी आहे.

पेलाभर दिलं की बाईंना उलटी होई. म्हणून चमच्याने सुरुवात केली. एक चमचा, थोडं थांबणं, पुन्हा एक चमचा. उलटी झालीच तर जरा दम घेऊन पुन्हा. पाकिटं संपली तेव्हा उकळून निवलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंइतपतच खारट हवी, त्याहून जास्त नको.

बाई मध्येच म्हणाल्या, "चमचा दे, पण चेहरा असा करू नकोस. माझ्या वर्गात परीक्षेला बसलेली मुलंसुद्धा इतकी घाबरलेली नसत."

"मी घाबरले नाहीये, बाई."

"खोटं बोललीस तर अंगठे धरून उभी करीन. अंधारी गेली की."

मग म्हणाल्या, "मुली, तू नसतीस तर मी कालच हात टेकले असते." गुंगीत माणूस काहीबाही बोलतो. पण पुढचे चमचे मी जरा हुशारीने भरले, हे खरं.

सूर्य सुळक्याला टेकला. बेकरीवाल्यांनी पिशवी पाठीला लावली. विमावाला-बायको तंबूच्या दारात येऊन बसले. छोटी माझा हात घट्ट धरून उभी होती. मला कळलं, तिला ती बंद पडलेली कंपनी दिसत होती.

तेवढ्यात बाईंनी उठण्याची खूण केली. विमावाल्याची बायको आणि मी त्यांना धरून झाडामागे नेलं. आणि मग त्या भारदस्त आवाजात, प्रार्थनेच्या वेळी शाळाभर ऐकू जायचा तसा, जाहीर झालं: "झाली!"

टाळ्या पडल्या. विमावाल्याने शिट्टी मारली. एका अडुसष्ट वर्षांच्या मुख्याध्यापिकेच्या लघवीला एवढा जल्लोष आजवर झाला नसेल. बेकरीवाले बूट काढता काढता डोळे पुसत होते. इतकं हळवं मन मी पाहिलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सगळे उठून बसले. बाईंनी बिस्किट मागितलं. मी हात धुतले आणि सवयीने वर धरले. तंबूच्या दारातून छोटीने विचारलं, "वहिनी, आज कुणाला शरण?"

मी तशीच उभी राहिले. समोर फांदीवर निळा टॉवेल. पाच दिवसांत एकदाही पूर्ण वाळलेला नाही. त्याच्या कडेला विमावाल्याने पुसलं होतं, मध्यावर छोटीने, सगळ्यांनी. बेकरीवाल्यांनी तर बोटांच्या बेचक्यांतून. सगळ्यांनी पुसलं, एक मीच नाही. आणि सगळे आजारी पडले, मी आणि ते सोडून.

साबणाने हात धुवायला लावून मी सगळ्यांना एकाच ओल्या फडक्याकडे रांगेने पाठवत होते. पहारा देत होते त्यावर! डेअरीत टॉवेल हा विषयच नव्हता, म्हणून तो मला दिसलाच नाही. यांना दिसला होता. "एकच?" म्हणाले होते.

वाटलं, गुपचूप उकळावा आणि गप्प बसावं. कुणाला कळणार? हा विचार मनात आला, हे इथे लिहून ठेवते. पण न सांगता आणखी दोन मुक्काम मी यांच्यात कशी वावरले असते? चुलीभोवती सगळे जमले तेव्हा टॉवेल हातात घेऊन उभी राहिले आणि सांगितलं. पाणी ठीक होतं. कुणाचाही दोष नव्हता. माझा होता. आणि छोटीशी ठरल्याप्रमाणे मी भागीदारीतून बाहेर पडते आहे.

मग बेकरीवाले उठले. कणकेसारखे पांढरे पडले होते.

"ताई, बसा तुम्ही. टॉवेल तुमचा, पण त्याला लागलेलं माझं होतं. निघायच्या आदल्या दिवसापासून मला जुलाब सुरू होते. दोन वर्षं वाट बघितली होती हो. आणि तुम्ही म्हणालात, परत पाठवीन, दयामाया नाही. मला वाटलं, लपवलं तर चालेल, हात खूप धुवू. ती चार पाकिटंही मीच घेतली. चोर आहे मी."

म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं! खरं सांगायचं तर आधी मला तेवढाच आनंद झाला. मग त्यांची सगळी पक्षी-निरीक्षणं आठवली आणि कान तापले.

बाई म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा हिचा, काख याची." विमावाला म्हणाला, "आमच्यात याला संयुक्त जबाबदारी म्हणतात." आणि त्याची बायको बेकरीवाल्यांना म्हणाली, "काका, आम्हाला भरपाई हवी. परत गेल्यावर वर्षभर दर रविवारी एक पाव."

"दोन," बेकरीवाले रडतच म्हणाले.

एवढं सगळं होईतो छोटी हसून हसून जमिनीवर लोळत होती. पोट दुखतं म्हणाली. या वेळी हसण्यानेच.

टॉवेल मोठ्या भांड्यात उकळला. नंतर मी तो कापला, सहा तुकडे केले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

घरी. सगळे आपापल्या पायांनी बाहेर आले, बाई सगळ्यांत पुढे. यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "बरं झालं." नेमकं काय बरं झालं, ते विचारलं नाही.

संध्याकाळी छोटी आली. मी अटीचा विषय काढला. निष्काळजीपणा माझा, माणसं आजारी पडली, शब्द म्हणजे शब्द. ती बराच वेळ बिस्किट चहात बुडवत राहिली. शेवटी ते तुटून पडलं.

"वहिनी, आधीच्या कंपनीत काय झालं होतं, माहितीये? सगळे आजारी पडले ते सोड. पोटं सगळ्यांचीच बिघडतात कधीतरी. तिथे शेवटपर्यंत कुणी बोललंच नाही, की चूक कुणाची. मालक म्हणाला पाणी, आचारी म्हणाला लोकं, लोक म्हणाले आचारी. त्याने कंपनी बुडाली."

"त्याचा इथे काय संबंध?"

तिने कपाळाला हात लावला. "काही नाही. शिक्षण फार झालंय तुझं. बिस्किट दे दुसरं." जाताना म्हणाली, २८ तारखेला पुढच्या तुकडीची बैठक आहे, अगदीच शेवटची म्हणून ये, भाषण कर, मग जा कुठे जायचं ते. मोठ्या बाईंनी त्यांच्या शाळेतल्या चार शिक्षिका पाठवल्या आहेत म्हणे. का, ते मला कळत नाही. त्यांना तर सगळं माहीत आहे.

२८ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा सायकलच्या दुकानावर. आठ नवे चेहरे, सगळे माझ्याकडे बघून सावरून बसलेले. बहुधा माझी कीर्ती आधीच पोचली होती. मी जुनं भाषण पाठ करून गेले होते. पण तोंड उघडलं आणि टॉवेलच निघाला. निळा रंग, फांदी, माझा पहारा, सगळं. हात वर करून उभं राहणंही दाखवलं. बाईंची घोषणा मात्र त्यांच्या परवानगीविना सांगितली, त्याबद्दल मन खातं आहे. खालून दुकानदारही हातोडी थांबवून हसला.

मग म्हटलं, "निघायच्या दिवशी कुणाचं पोट बिघडलेलं असेल तर मला सांगा. घरी बसवणार नाही. आपण सगळेच दोन दिवस उशिरा निघू. पुरेसे दिवस हाताशी ठेवलेत." हे छोटीला विचारलं नव्हतं. तिने मान डोलावली.

"कुणाला काही सांगायचं आहे?"

या वेळी शांतता झाली नाही. एक शिक्षिका म्हणाली, तिला रात्री खोकला येतो. एकजण म्हणाला, मधुमेह आहे, बायकोने सांगू नको म्हटलं होतं. बायको शेजारीच होती. तिसऱ्याने हळूच हात वर केला: "ताई, काल लग्नाचं जेवण झालं, आणि… मी जरा खाली जाऊन येऊ का?"

"पळा," मी म्हटलं. "साबण कोपऱ्यात आहे. आणि हे धरा."

घरातून येताना मी ते सहा नॅपकिन घेऊन आले होते, दुकानातून आणखी काही. प्रत्येकाला एक. कोपऱ्यावर वेगळ्या रंगाचा दोरा मीच शिवला, गेले काही दिवस तोच उद्योग चालू होता. बैठकीनंतर छोटीने खोलीत दोरी बांधून ते सगळे टांगून बघितले. गॅलरीतून वारा आला आणि सगळे एकदम हलायला लागले, बोलावल्यासारखे.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी एकदम दचकले. आज दोन तारीख! मॅनेजरना एकतीसच्या आत कळवायचं होतं, येते की नाही. साफ विसरले. आयुष्यात मी कधी मुदत चुकवलेली नाही. तब्येत तपासून घ्यायला हवी.

यांना म्हटलं, असं कसं झालं असेल हो? हे पेपरमागून म्हणाले, "कसं बरं?"

फोन करायलाच हवा, निदान माफी मागायला. पण आत्ता नको. छोटी खाली हॉर्न वाजवते आहे. नव्या मार्गावरचे ओढे बघायला जायचं आहे, आणि एक नॅपकिन अजून वाळायचा आहे.